काम काढून घेऊ नका, लहान करा: नव्वदीतल्या माणसाचं मन सांभाळताना

गेल्या हिवाळ्यात मी आत्याच्या पुढ्यातलं मटारचं ताट उचललं. ती ९३ वर्षांची आहे. बोटं थरथरतात, डोळ्यांचा पडदा कमजोर झालाय, त्यामुळे ती शेंग चाचपून सोलते. एका शेंगेला मिनिटभर लागतं, दाणे घरभर पळतात आणि ते वेचायला वाकायचं मी. माझेही गुडघे आता ६४ वर्षांचे आहेत. "राहू दे गं, तू पड जरा, मी करते," म्हटलं आणि पाच मिनिटांत सगळ्या शेंगा संपवल्या. ती काही बोलली नाही. दुपारी दोन घास खाऊन तिनं ताट सारलं. संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, "माझं आता इथं काय काम उरलंय?"

मी घाबरले. म्हटलं, ही मरणाच्या गोष्टी करायला लागली. दोन दिवस तिला "असं बोलू नये गं" ऐकवत राहिले. तिसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं, "अगं, मी मटारांबद्दल बोलत होते."

आत्या पाच वर्षं माझ्याकडे, साताऱ्यात आहे. या पाच वर्षांत केलेल्या चुका, डॉक्टरांनी सांगितलेलं आणि थोडं वाचलेलं असं सगळं इथे क्रमानं लिहिते आहे. क्रम मोडू नका. शरीर आणि कान-डोळे बघितल्याशिवाय मनाकडे वळलात तर महिने वाया जातात, माझे गेले.

आधी एक खुलासा. 'ज्येष्ठ नागरिक' म्हणून जे सल्ले मिळतात ते बहुतेक पासष्टीच्या माणसाला दिलेले असतात: सहलीला जा, हास्यक्लबात या, नवा छंद लावा. पंच्याऐंशीच्या पुढे हे चालत नाही. हजार पौर्णिमा पूर्ण व्हायला ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात, म्हणून आपण एक्याऐंशीच्या सुमाराला सहस्रचंद्रदर्शन करतो, पेढे वाटतो. पुढच्या वयाच्या शांतीही शास्त्रात आहेत, पण त्या करणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. तिथून पुढे माणूस 'आता झालंच की' या खात्यात जातो.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले होते, शेवटचा म्हातारपणाचा. पण तो आणि त्याची पत्नी जोन नव्वदीत पोचले तेव्हा जोनच्या लक्षात आलं की गोष्ट इथे संपत नाही, आणि तिनं नववा टप्पा जोडला. तिचं म्हणणं मला फार पटलं. दीड-दोन वर्षांचं मूल "माझं मी करीन" म्हणत जे मिळवतं, तेच अतिवृद्धपणी पुन्हा पणाला लागतं, कारण शरीर ऐकेनासं होतं. याला आपण 'दुसरं बालपण' म्हणून मोकळे होतो. मला तो शब्द आवडत नाही. मूल रोज काहीतरी नवं शिकत असतं. नव्वदीतलं माणूस रोज काहीतरी गमावतं, आणि गमावतोय हे त्याला कळत असतं.

१. आधी शरीर तपासा

घरातलं वयस्क माणूस बदललं की पहिला प्रश्न स्वतःला विचारा: हा बदल किती दिवसांत झाला?

काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला असेल, म्हणजे काल बरं बोलणारी आजी आज वेळ-काळ विसरली, भलत्याच माणसांना हाका मारायला लागली, तर ते 'वय झालं' नाही. याला डिलिरियम म्हणतात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. कारणं साधी असतात: लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, चार दिवस पोट साफ न होणं, नवी सुरू झालेली गोळी. या वयात संसर्ग असूनही ताप येत नाही असं पुष्कळदा होतं, म्हणून थर्मामीटरवर विसंबू नका. याचा एक गप्प प्रकारही असतो. माणूस आरडाओरडा करत नाही, नुसतं पडून राहतं, हाक मारली तर अर्धवट बघतं. घरच्यांना वाटतं, आज शांत झोपलेत. तोच प्रकार जास्त निसटतो.

बदल काही आठवड्यांत झाला असेल तर थायरॉइड, बी १२, हिमोग्लोबिन, सोडियम तपासून घ्या. कुठे दुखतंय का, ते विचारा. गुडघा, दात, पाठीचा मणका, कशाचंही रोजचं दुखणं मनाला पोखरतं, आणि आपली जुनी माणसं "थोडं दुखतंच" म्हणून ते सांगत नाहीत. मग घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी मेडिकलमधून आपणच आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी या वयात डोक्यात गोंधळ होतो. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो आणि माणूस पडतं. मात्र वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, त्याचाही त्रास होतो.

एवढं होऊन काही सापडलं नाही, तर नैराश्याचा विचार करायचा. नव्वदीतलं नैराश्य रडत येईलच असं नाही. 'पोट साफ नाही', 'डोकं जड', 'तोंडाला चव नाही' असं म्हणत येतं. वृद्धांसाठी हो-नाही उत्तरांची १५ प्रश्नांची एक चाचणी आहे, डॉक्टर ती दहा मिनिटांत घेतात. "या वयात कसलं आलंय नैराश्य आणि कसले उपचार" असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. या वयातही औषधांचा आणि बोलण्याचा उपयोग होतो. फक्त औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी सोडियम तपासायचं का, हे विचारून ठेवा. यातल्या काही गोळ्यांनी ते उतरतं.

२. कान आणि डोळे

दोन वर्षांपूर्वी आत्याला न्यूमोनियासाठी दवाखान्यात ठेवलं होतं. भरती करताना "मौल्यवान सामान घरी न्या" म्हणून चष्मा आणि कानातलं मशीन माझ्या हातात दिलं गेलं, आणि मीही शहाण्यासारखं पर्समध्ये टाकून घरी आणलं. तिसऱ्या रात्री आत्या सलाइनची सुई उपटून आईला हाका मारत होती. धूसर दिसणारी अनोळखी खोली, ऐकू न येणारी माणसं, दिवस-रात्र सारखेच दिवे. तिला कशाचाच पत्ता लागत नव्हता. सकाळी चष्मा आणि मशीन परत लावलं, उशाशी घरचं घड्याळ ठेवलं, मी समोर बसून राहिले. पूर्ण ताळ्यावर यायला आठवडा लागला. औषधांचाही वाटा होताच, पण तेव्हापासून आमच्या घरात ती दोन यंत्रं दागिन्यांच्या वर मोजली जातात.

कमी ऐकू येतंय असं वाटलं की आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्या. पुष्कळ घरांत इथेच थोडा फरक पडतो. मग ऐकण्याची तपासणी, मग मशीन. मशीन आणलं की ते कपाटात जातं, कारण पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज कानात घण घातल्यासारखा येतो. म्हणून पहिला आठवडा घरात, शांत वेळी, रोज एकच तास लावा, टीव्ही बंद ठेवून. बॅटरी कोण बदलणार हे ठरवा. बोलताना समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या. ओरडू नका, ओरडलं की आवाज चिरका होतो आणि शब्द आणखी फुटतात. जाड आवाजात, सावकाश बोला.

ऐकू न येणारं माणूस आधी सगळ्यांबरोबर उगाच हसतं, मग हसणं सोडतं, मग म्हणतं, "तुम्ही माझ्याबद्दल कुजबुजता." हा संशय पुष्कळदा स्वभावातून येत नाही, कानातून येतो.

डोळ्यांची गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी आत्या एकदम सांगून गेली की तिला कपाटाशेजारी परकर-पोलकं घातलेल्या मुली दिसतात. चार महिने दिसत होत्या, पण 'हिला वेड लागलं' असं आम्ही म्हणू या धास्तीनं ती गप्प होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: चार्ल्स बोने सिंड्रोम. १७६० मध्ये बोने या स्विस अभ्यासकानं आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं. ते ८९ वर्षांचे होते, दृष्टी जवळजवळ गेलेली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. डोकं पूर्ण शाबूत. डोळ्यांकडून येणारं चित्र कमी झालं की मेंदू आपल्या पदरची चित्रं घालतो, एवढंच. हे समजावल्यावर आत्याची भीती गेली. आता कधी सकाळी सांगते, "आज चौघी आल्या होत्या, एकीची वेणी सुटली होती." मात्र दिसणारी माणसं बोलत असतील, घाबरवत असतील किंवा बरोबरीनं गोंधळही असेल, तर कारण दुसरं असू शकतं, डॉक्टरांना सांगा.

३. काम लहान करा

आता मटारांकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच बिघडतं, आणि तेही मायेपोटी.

पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं उदाहरण दिलं आहे. ऐंशीच्या घरात तो इतकं चांगलं कसं वाजवतो, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, मी आता कमी रचना वाजवतो. त्यांचा रियाज जास्त करतो. आणि जलद भाग यायच्या आधी मुद्दाम हळू वाजवतो, म्हणजे पुढचा भाग ऐकणाऱ्याला अधिक जलद वाटतो. थोडं निवडायचं, निवडलेलं घोटायचं, आणि उणं पडेल तिथे युक्ती करायची.

घरात हे असं करा. कागदावर लिहा की हे माणूस सत्तरीत काय काय करत होतं. मग एकेक काम फोडा आणि त्यातला असा तुकडा शोधा जो आजही हाताशी येतो. आत्या पोळ्या करायची. आता कणीक मी मळते, उंडे ती करते. पूजेत आठ देव होते, आता एकाच बाळकृष्णाला स्नान, बाकीच्यांना फूल. तुळशीला पाणी तीच घालते, फक्त तांब्या लहान केला. वाती वळणं हे तर तिच्यासाठीच आहे. डोळे मिटूनही जमतं, आणि घराला वाती लागतातच.

मटार तिच्याकडे परत गेले तेव्हा मी तीन गोष्टी बदलल्या. खाली जुनी चादर अंथरली, म्हणजे दाणे पळाले तरी चादरीवर राहतात. ताट बदलून कडेला उंच असलेलं पातेलं दिलं. आणि शेंगा स्वयंपाकाच्या ऐन वेळी न देता सकाळी नऊलाच दिल्या. बाराला भाजी टाकायची असेल तर तीन तास आहेत. घाई माझी होती, तिची नव्हती.

एक पथ्य पाळा: खोटं काम देऊ नका. दोन डाळी मुद्दाम मिसळून "आजी, निवडून द्या" म्हणणारी मंडळी मी पाहिली आहेत. म्हातारं माणूस हे ओळखतं आणि अपमान गिळतं. काम खरं असावं, म्हणजे ते झालं नाही तर घराचं अडावं. एकदा आत्याचे मटार अर्धेच झाले, तर मी भातात तेवढेच घातले आणि सांगितलं, "आज कमी पडले." ती चिडली. मला ते चिडणं बरं वाटलं.

पुरुषांचं अवघड असतं. स्वयंपाकघर त्यांचं कधी नव्हतंच आणि कचेरी सुटून तीस वर्षं झाली. त्यांच्याकडे हिशेब द्या, दुधाचं आणि पेपरचं बिल द्या, वाण्याची यादी त्यांच्या अक्षरात होऊ द्या, दाराशी येणाऱ्याला पैसे त्यांच्या हातून जाऊ द्या. चूक होईल. पाच-पन्नास रुपयांची चूक परवडते.

१९७६ मध्ये एलन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या कनेटिकटच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालतील म्हणाले. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडती-फिरती आणि तरतरीत दिसू लागली. एका कुंडीची गोष्ट होती ही.

४. शब्द चालू द्या

डॉक्टर माझ्याकडे बघून विचारतात, "आजी कशा आहेत?" आजी समोर बसलेल्या असतात. मी आता खुर्ची मागे घेते आणि म्हणते, "तिलाच विचारा, थोडं मोठ्यानं." एवढ्या एका गोष्टीनं आत्या पाठ ताठ करून बसते.

रोज दोन-तीन निर्णय तिचे असावेत. "काय खाणार?" असा मोकळा प्रश्न थकवतो, "दुधी की दोडका?" याला उत्तर येतं. आणि आलेलं उत्तर पाळा. दोडका म्हणाली आणि तुम्ही दुधी केलात, तर न विचारलेलं बरं.

पैशाचं तसंच. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, पेन्शन बँकेत जमा होते. पहिल्या तारखेला दोन हजार रुपये तिच्या बटव्यात, त्याचा हिशेब मागायचा नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. "मी अजून आहे याचा पुरावा द्यायचा," असं म्हणून ती दरवर्षी हसते. आता हे काम घरी बसून मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, आणि केंद्राच्या ८० वर्षांपुढच्या निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरची वाट न बघता १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. पण तिला झेपत असेल तर रिक्षानं बँकेत नेऊन आणा. मॅनेजर उठून "या बाई" म्हणतो, ते मोबाइलमध्ये नाही.

५. माणसं थोडी, पण आपली

लॉरा कार्स्टेन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सांगतात की पुढचा काळ थोडा उरलाय हे जाणवलं की माणूस ओळखी वाढवणं सोडतं आणि जवळच्या मोजक्या माणसांकडे वळतं. हे एकलकोंडेपण नव्हे, निवड आहे. तेव्हा "चल, ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमाला जाऊ, लोकांत मिसळ" म्हणून ओढू नका. जायचं असेल तर न्या, नसेल तर तीन-चार माणसांचा वार ठरवा. एका वेळी एकच पाहुणा, वीस मिनिटं.

परदेशातल्या नातवंडांसाठी एक सूचना. "आजी, कशी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." इथे फोन संपतो. त्याऐवजी काहीतरी विचारा, जे खरंच तुम्हाला हवंय. माझ्या भाच्यानं न्यू जर्सीहून भेंडी चिकट होते म्हणून फोन लावला. आत्यानं बावीस मिनिटं घेतली, त्यात दोनदा रागावली.

६. एकेक जण जातो तेव्हा

नव्वदीतलं माणूस पेपर उघडतं ते निधनवार्तांच्या पानावर. मैत्रिणी गेल्या, भावंडं गेली. आत्याला 'ए' म्हणणारं आता कोणी उरलं नाही, आणि तिला हे फार लागतं. घरचे काय करतात, तर बातमी लपवतात. मग ती महिन्यानं तिसऱ्याच माणसाकडून कळते, आणि शोकाबरोबर 'मला आता कोणी काही सांगत नाही' हेही येतं. सांगा. सकाळी सांगा, शेजारी बसून, मशीन कानात आहे ना ते बघून, सरळ शब्दांत: "अमकी काल गेली." रात्री सांगू नका. भेटायला जाणं शक्य नसेल तर त्या घरी फोन लावून द्या. अपवाद एकच: स्मृतिभ्रंशामुळे दर वेळी विसरून पुन्हा विचारणाऱ्याला ती बातमी दर वेळी नव्यानं देऊ नका. त्याला प्रत्येक वेळी तो पहिलाच धक्का असतो. त्या माणसाच्या आठवणी काढा, तेवढ्यानं भागतं.

जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगण्याला आपण कंटाळतो. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञानं १९६३ मध्येच लिहिलं होतं की हे बरळणं नाही. आयुष्याचा हिशेब जुळवण्याचं काम आहे. त्याला मदत करायची तर "तुझं आयुष्य सांग" म्हणू नका, बारीक विचारा. मी विचारलं, "भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी चूल कुठे मांडलीस?" ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पाटण तालुक्यातल्या एका शाळेवर होती. हा प्रसंग मी शंभरदा ऐकलाय, पण चूल कोणी विचारली नव्हती. तिनं सांगितलं: पडलेल्या भिंतीचे तीन दगड, वर दुसऱ्याच कोणाचं तरी पातेलं, आणि पोरांना बाहेर झाडाखाली बसवून पाढे. "पाढे कशाला?" "मग काय करणार? रडायला लागली होती सगळी." मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. पुढे तिला कधी हातपाय गळल्यासारखं झालं की मी चुलीचा विषय काढते. पण कोणी एखाद्या आठवणीपाशी थांबून "नको तो विषय" म्हणालं, तर तिथेच थांबा.

७. "देव मला नेत का नाही?"

हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं. ते नेहमी धोक्याचं नसतं, आणि नेहमी बिनधोकही नसतं.

जेवणं-झोपणं ठीक आहे, दुपारचा चहा हवा आहे, आणि पाय पसरून "आता पुरे झालं, बोलावणं येऊ दे" म्हणणं, ही तयारी आहे. त्याला "असं बोलू नये" म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती बोलणार नाही, एवढंच होईल. विचारा: "कशाची भीती वाटते, मरणाची की खाटेवर पडून राहण्याची?" बहुतेकांचं उत्तर दुसरं असतं, आणि त्यावर बोलता येतं.

धोका कधी: खाणं सोडलं, औषधं नाकारायला लागली किंवा साठवायला लागली, आवडत्या वस्तू एकाएकी वाटून टाकल्या, 'माझं तुम्हाला ओझं आहे' हेच पुन्हा पुन्हा. अशा वेळी सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि घरातली-शेतातली औषधं कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. वृद्धांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ असते. घरात छळ, मालमत्तेचा दबाव, कायद्याची विचारणा यासाठीही तीच.

८. रात्र

थोडक्यात. आठला झोपलेलं माणूस तीनला उठणारच, तो आजार नाही. त्यामागे गोळ्या घेऊन धावू नका. सकाळी अर्धा तास उन्हात किंवा ओट्यावर बसवा, दुपारची झोप तीनच्या आत आटपा, रात्री संडासपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा आणि पायपुसणं उचललेलं. रात्रीची भीती पुष्कळदा पडण्याचीच असते. तीन ते पाच या वेळेसाठी आत्याच्या उशाशी वातींचा कापूस असतो. अंधारात तिचं काम चालू असतं आणि मी झोपलेली असते.

९. सांभाळणारं माणूस

चार भावंडांत एकीनं करायचं आणि तिघांनी फोनवर सल्ले द्यायचे, हा आपल्याकडचा रिवाज. तो मोडायला मला तीन वर्षं आणि वाढलेलं बीपी लागलं. आता वाटणी लिहून भिंतीवर लावली आहे: एकाकडे पैसे, एकीकडे महिन्यातले चार दिवस मुक्काम, एकाकडे सगळे कागद आणि दवाखान्याच्या वेळा. सल्ला देण्याचं खातं बंद केलं. मी पाहुण्यासारखी चार दिवस गावी जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा आत्या रुसली, दुसऱ्यांदा विचारत होती, "परत कधी जाणार आहेस?"

१०. कागद

शेवटची पायरी लवकर करायची असते, डोकं शाबूत असताना. आपल्यावर शेवटी कोणते उपचार करावेत आणि कोणते नकोत हे आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदारांपुढे सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन. बोली भाषेत याला लिव्हिंग विल म्हणतात. हा विषय काढायला मी वर्षभर धजले नाही. काढला तेव्हा आत्या म्हणाली, "मला वाटलं, तू कधी विचारणारच नाहीस."

तिनं तीन मुद्दे सांगितले, मी लिहिले. एक, बरं होण्याची आशा नसेल तर घशात नळी नको. दोन, दवाखान्यात न्याल तेव्हा चष्मा आणि कानातलं मशीन माझ्या अंगावरच राहील. तीन, तेराव्याला लाडू त्या नेहमीच्या आचाऱ्याकडून करून घेऊ नयेत, तो पाक पुढे नेतो आणि लाडू फोडायला बत्ता लागतो. मी म्हटलं, आत्या, हे यात नसतं लिहायचं. ती म्हणाली, मग मी सही करत नाही. नोटरीनं तिन्ही मुद्दे वाचले, तिसऱ्यावर थोडा थांबला आणि शिक्का मारला.